टोप्या उडवणारं विकर

९ जानेवारी

चि. ठिपकी,

ठक्... ठप्प. ठक्... ठप्प.

आज सकाळी दाढी करताना हा आवाज कानात घुमला आणि हात तसाच गालावर थांबला. साठ वर्षं झाली त्याला. ठक् म्हणजे शिक्का शाईच्या गादीवर, ठप्प म्हणजे तिकिटावर. शिक्का मारणाऱ्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी पत्रं कप्प्यांत टाकायचो. शाळेत आमचे कवितेचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून वृत्तं शिकवायचे, लघु, गुरू, लघु, गुरू. ती पट्टी माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही. म्हणून मी पत्रंही चालीवर टाकायचो. हात चुकला तर आधी चाल मोडलेली कळायची आणि मग चूक सापडायची.

आता कानांनी राजीनामा दिलाय. तुझा फोन आला की मला ‘हॅलो’ आणि ‘ठेवते’ एवढंच ऐकू येतं. मधलं सगळं तुझी आई ओरडून सांगते, आणि सांगताना पदरचं घालते. परवा म्हणाली, "पोरगी सगळं सोडून परत यायचं म्हणतेय, पाच वर्षं पाण्यात गेली." विचारलं, कशात गेली? तर म्हणे, "काहीतरी मेंढीच्या देवीचं आहे, तुम्हाला नाही कळायचं."

मला नाही कळायचं? चाळीस वर्षं माणसांची अक्षरं वाचली मी. डॉक्टरांचीसुद्धा.

तेव्हा सरळ कागदावर लिही. तू नेमकं काय करतेस, काय बिघडलंय, आणि कोण म्हणतं बिघडलंय. टपालाच्या भाषेत लिहिलंस तर सगळं कळेल. तुझ्या लहानपणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तू मला विचारायचीस, "आजोबा, पत्राला कसं कळतं कुठे जायचं ते?" मी तेव्हा तुला टाळलं नव्हतं. आता तू मला टाळू नकोस.

तुझा,
आजोबा


१७ जानेवारी

ती. आजोबा,

वाकून नमस्कार. खरंच वाकलेली आहे, मायक्रोस्कोपपुढे दिवसभर दुसरं काय करते!

आधी हे सांगते की आमचा विषाणू मेंढ्यांना होणाऱ्या देवीचा आहे. माणसाला धरत नाही. हे आईलाही वाचून दाखवा, म्हणजे मी घरी आले की माझे कपडे वेगळे धुवायचं ती थांबवेल.

पेशी म्हणजे तुमची टपाल कचेरी समजा. मधोमध साहेबांची बंद खोली, म्हणजे केंद्रक. तिथे मूळ कागद असतात. त्यांच्या नकला काढून बाहेर हॉलमध्ये पाठवतात, की हे बनवा, ते बनवा. या नकलांना आपण निरोप म्हणू. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एक बारीकशी रासायनिक टोपी असते. टोपी असली तरच हॉलमधले कामगार निरोप वाचतात आणि प्रथिन बनवतात. टोपी गेली की निरोप कुरतडून संपवला जातो.

देवीचं कुळ मोठं आगाऊ. आपल्या माहितीतले कितीतरी विषाणू साहेबांच्या खोलीत शिरतात. हे हॉलमध्येच पथारी पसरतं. छापायची यंत्रं बरोबर घेऊन येतं, स्वतःचे निरोप स्वतःच छापतं, त्यांना टोप्याही स्वतःच चढवतं. आणि याच्याच सामानात एक विकर असतं, एन्झाइम हो, ज्याचं काम टोप्या उडवणं. पेशीच्या निरोपांच्या उडवतं हे समजण्यासारखं आहे, घरमालकाचं तोंड बंद. पण ते मेलं स्वतःच्या विषाणूच्या निरोपांच्याही टोप्या उडवतं! आपल्याच पोरांच्या! का? माझा सगळा प्रबंध या एका ‘का’वर उभा आहे.

मी काय केलं, तर ते विकर मोडून टाकलेला विषाणू तयार केला. वाटलं होतं, टोप्या उडणार नाहीत, निरोप टिकतील, विषाणूची चंगळ होईल. निरोप खरंच टिकले. नेहमीच्या कितीतरी पट साठले. पण नवे विषाणू जवळजवळ जन्मलेच नाहीत. प्रथिनं बनणंच थांबलं, पेशीचीही आणि विषाणूचीही. निरोप ढीगभर आणि काम शून्य.

मॅडमना दाखवलं, माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक. तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, तेही आतल्या बाजूला. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "नळ्या बदलल्यास. निरोप एका नळीतून मोजलेस आणि विषाणू दुसरीतून." मी म्हटलं, मॅडम, तीनदा केलंय. तर इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या खोलीतले डोकावले, "असं उलटं फक्त नळ्या बदलल्या की येतं! मला विचार. मला माहीत आहे!"

वीस मार्चला समिती बसते. मॅडमनी सही केली तरच हे प्रकरण समितीपुढे जातं. नाहीतर पाचव्या वर्षी नवा विषय. आजोबा, माझ्यात तेवढं बळ नाही. घराजवळच्या तपासणी केंद्रात रक्ताच्या नळ्या लावायची नोकरी आहे. तिथे निदान नळ्या बदलल्या तर कुणाला पाच वर्षांनी कळत नाही, त्याच दिवशी कळतं.

खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय की मी बदलल्या.

तुमची,
ठिपकी


२४ जानेवारी

चि. ठिपकी,

पत्र चारदा वाचलं. तुझ्या आईला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कपडे तरीही वेगळेच धुणार."

आता ऐक. दोन गोष्टी सांगतो.

पहिली सोपी. आमच्याकडे एखाद्यावर थैल्या अदलाबदल केल्याचा आळ आला की आम्ही भांडत बसायचो नाही. तिसऱ्याच माणसाला बोलवायचं, त्यानं थैल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून आपल्याच खुणा घालायच्या, खुणांची यादी स्वतःच्या खिशात ठेवायची. मग ज्याच्यावर आळ, त्यानं पुन्हा सगळं काम करायचं. शेवटी यादी उघडायची. तुझ्या नळ्यांना तुमच्या बाईंनाच खुणा घालू दे. ज्यांना शंका, त्यांच्याच खिशात यादी.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझ्या आजीलासुद्धा नाही. कारण त्यात माझी फजिती आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष. पाळी संपली की प्रत्येक कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून मागची फळी चाचपायची, हा नियम. एकही पत्र मागे राहता कामा नये. त्या दिवशी माझ्या डोक्यात एक ओळ घोळत होती, माझीच, शेवटची दोन अक्षरं काही केल्या बसत नव्हती. अक्षरं जुळवता जुळवता मी एका कप्प्यात हात घालायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी कप्प्यांची मांडणी बदलली. कालपर्यंत जो कप्पा जाणाऱ्या गाडीचा होता, तो आज येणाऱ्या गाडीचा झाला. म्हणजे एकाच कप्प्यात जाणारी पत्रं आणि येणारी पत्रं. मी गठ्ठा बांधला तो घाईत, तोंडाला तोंड लावून. जाणाऱ्यांचे पत्ते आत, येणाऱ्यांचेही आत, बाहेर दोन्ही बाजूंनी कोऱ्या पाठी.

दारावर तपासनीस. त्यानं गठ्ठा उलटा केला, सुलटा केला. पत्ता कुठेच नाही. अशा गठ्ठ्याला नियम एकच, घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी हात वर. कचेरीतला माणूस न् माणूस थांबला. गठ्ठा उघडून एकेक पत्र तपासेपर्यंत अर्धा दिवस गेला. दारात थैल्यांचा डोंगर. तू लिहिलंस ना, निरोप ढीगभर आणि काम शून्य? ते वाचलं आणि मला ती घंटा पुन्हा ऐकू आली.

आमचे मोठे सॉर्टर होते, पत्रं कप्प्यांत लावणाऱ्यांत सगळ्यांत जुने, सगळे त्यांना चष्मा म्हणायचे. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, पोचलेल्या पत्राचं काम संपलं. संपलेलं पत्र कप्प्यात ठेवलंस तर ते नव्याचा गळा धरतं."

तुझा विषाणू आपल्याच पोरांच्या टोप्या का उडवतो म्हणतेस. मला विचारशील तर तो कप्पे रिकामे करतो. ते विकर म्हणजे कोपरापर्यंत आत घातलेला हात आहे. तू तो हात मोडलास.

मी म्हातारा माणूस, चुकत असेन. पण चुकत नाही असं मला वाटतं.

आजोबा


६ फेब्रुवारी

आजोबा!

नमस्कार वगैरे नंतर. तोंडाला तोंड?? जाणारी आणि येणारी एकत्र? हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? पाच वर्षं!

सांगते. निरोप म्हणजे एकेरी दोरा. आमच्या विषाणूची जनुकं एका लांब पट्टीवर असतात, काही डावीकडून उजवीकडे वाचायची, काही उजवीकडून डावीकडे. संसर्गाच्या उत्तरार्धात जे निरोप छापले जातात त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही, पाहुण्यांच्या गप्पांसारखे पुढे पुढे जात राहतात. म्हणजे डावीकडून आलेला निरोप उजवीकडून आलेल्याच्या हद्दीत शिरतो. असे दोन भेटले की एकमेकांना अक्षर न् अक्षर चिकटतात. तोंडाला तोंड! दुपदरी दोरा तयार होतो. आणि दुपदरी निरोप दिसला की पेशीत धोक्याची घंटा वाजते. तिचा नियम तुमच्या तपासनिसाचाच, सगळ्यांनी हात वर, प्रथिनं बनवणं बंद.

मी नुसते निरोप मोजत बसले, ते गठ्ठ्यात आहेत का हे पाहिलंच नाही!

दुपदरी दोऱ्याला चिकटून हिरवा चमकणारा एक रंग मिळतो. आजच मागवला.

आणि खुणांचं मॅडमना विचारलं. आधी म्हणाल्या, "मी काय शिपाई आहे का चिठ्ठ्या लावायला?" संध्याकाळी स्वतःच आल्या, नळ्या उचलून आत नेल्या, अर्ध्या तासाने आणून दिल्या. आजोबा, झाकणांवर काय लिहिलंय माहितीये? मालिनी. भुजंगप्रयात. मंदाक्रांता. वसंततिलका. पृथ्वी. आणि शार्दूलविक्रीडित झाकणावर मावेना म्हणून तिथे नुसता छोटा वाघ काढलाय, मिशांसकट.

मी एकेक झाकण फिरवून फिरवून पाहत राहिले. मॅडम म्हणाल्या, "बघतेस काय? शाळेत पाठ केलं नाहीस?"

ठिपकी


१३ फेब्रुवारी

चि. ठिपकी,

वाघ! मिशांसकट!

तुझ्या बाईंबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते मी मागे घेतो. ज्या बाईला पृथ्वी वृत्त नळीच्या झाकणावर लिहावंसं वाटतं, ती वाईट असू शकत नाही. कडक असेल. आमचे मास्तरही कडक होते. पट्टी टेबलावरच आपटायचे, असं नाही.

एक मात्र मनात राहिलं. "मला विचार, मला माहीत आहे," असं त्या ओरडल्या म्हणालीस. ठिपकी, आमच्या कचेरीत कप्पा चाचपायला विसरलेल्यावर सगळ्यात जोरात कोण ओरडायचं सांगू? मी. त्या घंटेच्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी.

बाईंचा पत्ता देतेस का? सहज मागतोय.

आजोबा


२० फेब्रुवारी

ती. आजोबा,

नाही. पत्ता मिळणार नाही. मला तुम्ही माहीत आहात. तुम्ही चौथीत माझ्या गणिताच्या बाईंना तीन पानी तक्रार लिहिली होती, तीही यमक जुळवून. मला वर्षभर वर्गात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. मॅडमना काही लिहू नका. गळ्याची शपथ.

रंग आलाय. काम सुरू आहे. मालिनी आणि वाघ शेजारी शेजारी ठेवायला भीती वाटते, उगाच.

ठिपकी


१३ मार्च

ती. आजोबा,

हे पत्र सावकाश वाचा. मी सावकाश लिहितेय.

मॅडमच्या खिशातली यादी उघडली. मंदाक्रांता, पृथ्वी आणि वाघ, या तिघांत मोडक्या विकराचा विषाणू होता. त्या तिघांतच निरोप साठले होते आणि त्या तिघांतच प्रथिनं थांबली होती. नळ्या बदललेल्या नव्हत्या. मी बदलल्या नव्हत्या, आजोबा.

मग हिरवा रंग. चांगल्या विकराच्या पेशी जवळजवळ काळोख्या, इकडे तिकडे ठिपका. मोडक्या विकराच्या पेशी हिरव्यागार, भरगच्च गठ्ठे. मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारली आणि परत येऊन पाहिलं. होतेच.

शेवटचा प्रयोग सगळ्यात गोड. अशा पेशी मिळतात ज्यांतून धोक्याची घंटाच काढून टाकलेली असते. त्यांत मोडक्या विकराचा विषाणू सोडला. गठ्ठे तिथेही झाले, हिरवे तिथेही दिसले, पण घंटा वाजवायला कुणी नव्हतं. आणि विषाणू वाढला. जवळजवळ नेहमीसारखा. म्हणजे विषाणूला ते विकर दोन कामांसाठी लागतं. घरमालकाला गप्प करायला, आणि आपलंच संपलेलं टपाल वेळेवर आवरायला, नाहीतर तपासनीस जागा होतो.

मी सगळं मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी हिरवी चित्रं पाहिली. पुन्हा पाहिली. पेन्सिल अंबाड्यातून काढली, पुन्हा खोचली. मी विचारलं, "मॅडम, सही?" त्या म्हणाल्या, "बघू."

हे मंगळवारी. काल सकाळी त्यांनी कपाटाच्या वरून जुन्या वह्यांचा खोका काढला, शिडीवर चढून, स्वतः. दार लावून घेतलं. आज त्या आल्याच नाहीत. कार्यालयातले म्हणतात दोन दिवसांची रजा. त्यांनी रजा घेतलेली इथे कुणी पाहिलेली नाही.

वीस तारखेला समिती आहे. सही नाही. मी बरोबर निघाले, हे त्यांना सहन झालं नाही. दुसरं काय असणार? पण गंमत सांगू, मला आता तितकी भीती वाटत नाही. सही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मी समितीपुढे उभी राहून विचारेन, का नाही? तपासणी केंद्राला नको म्हणून कळवून टाकलंय.

तुमची,
ठिपकी


१५ मार्च

चि. ठिपकी,

पत्र आत्ता दुपारी मिळालं. वाचलं. खिडकीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना हात केला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मग घाबरत हात केला. त्यांना काय ठाऊक, की मी त्या घंटेची माझी साठ वर्षांची लाज आज वाळत घातली!

शाबास. कप्प्यात हात घालून मागची फळी चाचपलीस तू. मास्तर असते तर पट्टी आपटून म्हणाले असते, चाल बरोबर.

आता एक कबुली. शपथ तू घातलीस फेब्रुवारीच्या वीस तारखेला. मी पत्र टाकलं होतं सतरा तारखेला. पत्ता तू दिला नाहीस, पण तो तुझ्याच पाकिटाच्या मागे छापलेला असतो, आणि चाळीस वर्षांच्या सॉर्टरला पाकीट उलटून पाहायची सवय असते. रागावू नकोस. तक्रार केली नाही. यमकही जुळवलं नाही.

मी त्यांना एवढंच लिहिलं, की मी तुमच्या विद्यार्थिनीचा आजोबा. तुमच्या वाघाबद्दल आभार. आणि आमच्या कचेरीत एक वही असायची. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही ते फाडायचं नाही, असा नियम. कुठून आलं, कधी आलं, वर काय दिसतं ते वहीत लिहायचं आणि पत्र तिच्यात ठेवून द्यायचं. कुणी म्हणायचं, चुकून आलेलं असेल, टाका केरात. चष्मा म्हणायचे, चुकून आलं की आपल्याला वाचता आलं नाही, हे आज कोण सांगणार? त्या वहीतलं एक पत्र तेवीस वर्षांनी मी स्वतः पोचवलं. बाई, तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल, असं मला उगाच वाटतं.

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण तू खोक्याचं लिहिलंस, आणि मला वाटतं तू त्यांना चुकीचं वाचतेस. सहन न होणारी माणसं शिडीवर चढून वह्या काढत नाहीत. ती

बेल वाजतेय. मला ऐकू आली म्हणजे बराच वेळ वाजत असणार. तुझी आई बाजारात गेलीये. थांब.

ठिपकी, उभ्या उभ्या लिहितोय, अक्षराला हसू नकोस. दार उघडलं. दारात एक बाई. प्रवासाने चुरगळलेली साडी, अंबाड्यात पेन्सिल. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला, आणि त्याच हातात छातीशी धरलेली एक जुनी वही, पुठ्ठा सुटलेला, एका पानाचा कोपरा दुमडलेला, आणि ती घडी इतकी जुनी की पिवळी पडलीये. मी या म्हणायच्या आत, नाव सांगायच्या आत, चपला काढायच्याही आत त्यांनी ते पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि माझ्या कानांनाही ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या,

"आजोबा, माझ्याही नळ्या तेव्हा बदललेल्या नव्हत्या."